फिरणारी शेपूट आणि वळवळणारी शेपूट

ताप चार-पाच दिवस हटला नाही की आपल्याकडे अजूनही बऱ्याचदा विडाल चाचणी करायला सांगतात. रिपोर्टमध्ये ‘टायफी ओ’, ‘टायफी एच’ अशा ओळी असतात आणि त्यांच्यापुढे १:८०, १:१६० असे आकडे. एकट्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, रक्ताचं कल्चर जास्त भरवशाचं, हे खरंच. पण मला इथे बोलायचंय ते त्या ‘एच’बद्दल. ‘ओ’ ही टायफॉइडच्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाची खूण, तर ‘एच’ ही त्याच्या कशाभिकेची, म्हणजे पोहण्याच्या शेपटीची. ‘एच’चा आकडा वाढलेला असतो तेव्हा त्या माणसाच्या रक्तात जिवाणूच्या शेपटीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं असतात.

प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. त्याआधीच आपल्या पेशींवरचा ‘टीएलआर ५’ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) या शेपटीतलं प्रथिन ओळखतो आणि शरीराला सावध करतो. इतकी ती शेपूट जिवाणूंची हमखास ओळख आहे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने तर आपल्या शेपटीच्या प्रथिनाचा नेमका तोच भाग बदलून घेतलाय, त्यामुळे हा पहारेकरी त्याला ओळखतच नाही.

शेपूट शुक्रपेशीलाही असते. तिलाही कशाभिकाच म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत दोन्ही एकसारख्याच दिसतात: एक गोळा आणि त्याला जोडलेली नागमोडी रेघ. त्यामुळे दोन्हींची रचना एकच असणार असं मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षात या दोघींमध्ये एकही प्रथिन सामाईक नाही. एक गोल फिरते, दुसरी वळवळते. एकीची हालचाल फक्त मुळाशी निर्माण होते, दुसरीची सबंध लांबीभर. एकीला लागणारी ताकद प्रोटॉनच्या प्रवाहातून येते, दुसरीची एटीपी या पेशीतल्या इंधनाच्या रेणूमधून. त्या बांधल्या जातात तेही निरनिराळ्या रीतीने, आणि मला विचाराल तर त्यांच्या पोहण्यापेक्षा त्यांचं बांधकाम जास्त थक्क करणारं आहे.

पण आधी पाण्याबद्दल बोलायला हवं, कारण या आकाराच्या जीवांना पाणी आपल्यासारखं भेटतच नाही. आपण विहिरीत एक हात मारला की हात थांबल्यावरही थोडे पुढे सरकत राहतो. अंगातली गती लगेच संपत नाही. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. तो सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर वेगाने पोहतो. एडवर्ड पर्सेल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली या जगाचा हिशेब मांडला. ई. कोलायने पोहणं अचानक थांबवलं, तर तो थांबेपर्यंत किती पुढे जाईल? उत्तर आलं, एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी. इतक्या लहान आकारात जडत्वाला काही किंमत उरत नाही, पाण्याचा चिकटपणाच सगळं ठरवतो.

याचा परिणाम गमतीशीर आहे. एखादा अवयव नुसता पुढे-मागे हलवून इथे कुणीच पुढे जाऊ शकत नाही. पुढच्या फटक्याने जितकं अंतर कापलं, तितकंच परतीच्या फटक्याने गमावलं जातं, मग एक फटका जलद आणि दुसरा हळू मारला तरीही. पर्सेलनी उदाहरण दिलं शिंपल्याचं: एकाच सांध्यावर उघडझाप करणारा शिंपला या जगात जागच्या जागी राहील. पुढे जायचं तर हालचाल अशी हवी, की ती उलट क्रमाने बघितली तर वेगळी दिसेल. मळसूत्री आकाराचा तंतू एकाच दिशेने फिरवत राहणं ही एक वाट. शेपटीच्या बुंध्यापासून टोकाकडे लाट पाठवत राहणं ही दुसरी. जिवाणूंनी पहिली धरली, शुक्रपेशींनी दुसरी.

जिवाणूची शेपूट फिरते हे कळायला बराच काळ गेला. १९७० च्या सुमारासही अनेकांची समजूत हीच होती की ती शुक्रपेशीच्या शेपटीसारखी वळवळत असणार. सजीवाच्या अंगात पूर्ण गोल फिरणारा सांधा असू शकतो, ही कल्पनाच पचनी पडत नव्हती. हावर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ साली तोपर्यंतच्या पुराव्यांवरून युक्तिवाद केला की कशाभिका फिरतच असली पाहिजे. पुढच्याच वर्षी मायकल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी ते डोळ्यांना दाखवलं.

त्यांची युक्ती साधी होती. शेपटीला घट्ट धरून ठेवणारी प्रतिपिंडं काचेवर लावायची आणि त्यावर जिवाणू सोडायचे. शेपूट काचेला चिकटते आणि जिवाणू तिथेच अडकतो. शेपूट नुसती वळवळत असती, तर जिवाणूचं अंग डावी-उजवीकडे हललं असतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं: शेपूट जागेवर स्थिर आणि सबंध जिवाणू तिच्याभोवती गरागरा फिरतोय. काही फेऱ्या एका दिशेने, मग क्षणभर थांबून उलट्या दिशेने. हा प्रयोग आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. कुणी पहिल्यांदा बघितला की त्याच्या मनात शंका उरत नाही.

आता ही मोटर जवळून बघू. बाहेर दिसणारा लांब तंतू फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या हजारो रेणूंचा बनलेला असतो. तो २० नॅनोमीटर जाड आणि ५ ते १५ मायक्रोमीटर लांब, म्हणजे जिवाणूच्या स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट. तो आतून पोकळ असतो आणि स्वतः काहीही करत नाही. त्याच्या आणि जिवाणूच्या मध्ये एक आखूड, लवचीक आकडा (हुक) असतो, जो फिरण्याची दिशा वळवून तंतूपर्यंत पोचवतो. आकड्याच्या आत दांडा. तो जिवाणूच्या आवरणांमधून आरपार जातो आणि आवरणांमध्ये बसलेली प्रथिनांची कडी त्याला जागेवर धरून ठेवतात. सगळ्यात आत, पेशीद्रवात, या दांड्याला जोडलेलं मोठं कडं असतं. तेच फिरतं.

फिरवतं कोण? या कड्याभोवती पेशीपटलात घट्ट रोवलेले छोटे प्रथिनसमूह असतात, एकेका मोटरला अकराच्या आसपास. जिवाणू आपल्या पेशीतले प्रोटॉन सतत बाहेर ढकलत असतो. बाहेर साठलेले प्रोटॉन आत यायला बघतात आणि त्यांना वाट मिळते ती या समूहांतून. प्रोटॉन आत जाताना हे समूह कड्याला ढकलतात. कड्याची एक फेरी व्हायला हजाराहून जास्त प्रोटॉन आत यावे लागतात. ई. कोलायची मोटर सेकंदाला शंभर ते तीनशे फेऱ्या सहज मारते. समुद्रातले काही व्हिब्रिओ जिवाणू प्रोटॉनऐवजी सोडियमवर मोटर चालवतात, आणि त्यांच्यातल्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसच्या मोटरचा वेग सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंत मोजला गेलाय. पटकीचा जिवाणूही व्हिब्रिओच, आणि त्याची एकुलती एक शेपूटही सोडियमवरच फिरते.

२०२० साली या ढकलणाऱ्या समूहाची रचना अणूंच्या पातळीवर दिसली: मॉट-ए या प्रथिनाचे पाच रेणू आणि त्यांच्या मधोमध मॉट-बीचे दोन. त्यावरून असं दिसतं की हा समूहही स्वतः फिरतो आणि फिरता फिरता मोठ्या कड्याला फिरवतो. शिवाय हे समूह मोटरला कायमचे जोडलेले नसतात. ते सुटतात, पटलात इकडेतिकडे जातात, त्यांच्या जागी दुसरे येतात. पाणी दाट असलं, भार वाढला, की जास्त समूह येऊन जोडले जातात. चालू मोटरचे भाग बदलले जातात आणि मोटर बंद पडत नाही.

दिशा बदलण्याचंही एक तंत्र आहे. ई. कोलायला पाच-सहा शेपट्या असतात. सगळ्या मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की शेपट्या एकत्र येऊन मागे त्यांचा एकच जुडगा होतो आणि जिवाणू सरळ जातो. एखादी मोटर उलटी फिरली की जुडगा उसवतो, जिवाणू जागेवर लोळतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा निघतो. सरळ धाव साधारण एक सेकंदाची, लोळणं सेकंदाच्या दहाव्या भागाचं. जिवाणू इतका लहान असतो की अंगाच्या दोन टोकांना अन्न कमी-जास्त आहे का, हे तपासून त्याला दिशा ठरवता येत नाही. तो काळाची तुलना करतो. गेल्या काही सेकंदांपेक्षा आत्ता अन्न जास्त लागतंय का? जास्त असेल तर ची-वाय नावाच्या प्रथिनाचा इशारा कमी होतो, मोटर उलटी फिरण्याची शक्यता घटते आणि सरळ धाव लांबते. दिशा निवडता येत नाही, पण चांगल्या दिशेने जास्त वेळ जाता येतं. तेवढ्यावर तो अन्नापर्यंत पोचतो.

आता बांधकाम. तंतू जिवाणूच्या बाहेर आहे, आणि तो ज्यापासून बनतो ते प्रथिन जिवाणूच्या आत तयार होतं. मग नवी भर कुठे पडते, बुंध्याशी की टोकाला? केस वाढतात बुंध्याशी, त्यामुळे आपला अंदाज तोच असतो. जपानच्या तेत्सुओ इइनो यांनी १९६९ मध्ये साल्मोनेला जिवाणू (टायफॉइडचा जिवाणू याच गटातला) वाढत असताना त्यांना मध्येच एक बदललेलं अमिनो आम्ल दिलं. ते ज्या फ्लॅजेलिनमध्ये जातं त्याचा तंतू जास्त कुरळा होतो. कुरळा भाग जिथे दिसेल तिथे नवी वाढ. तो दिसला टोकाला.

याचा अर्थ असा की प्रत्येक फ्लॅजेलिन रेणू जिवाणूच्या आतून निघून सबंध पोकळ तंतूतून प्रवास करत टोकाला पोचतो. ही पोकळी अवघी २ नॅनोमीटर रुंद. घडी घातलेलं प्रथिन त्यात मावत नाही, म्हणून मुळाशी असलेलं निर्यात यंत्र ते उलगडून सरळ धाग्याच्या रूपात आत ढकलतं. टोकाला पाच रेणूंची एक टोपी असते. तिच्याखाली पोचल्यावर धाग्याची पुन्हा घडी पडते आणि तो आपल्या जागी बसतो. टोपी पुढच्या रेणूसाठी जागा मोकळी करत किंचित फिरते. तंतू जसजसा लांबतो तसतसा रेणूंना टोकाला पोचायला वेळ लागतो आणि वाढ मंदावते.

आणि हे सगळं क्रमाने व्हावं लागतं. आकडा पुरा व्हायच्या आधी फ्लॅजेलिन बनवायला घेतलं तर ते फुकट जाईल, आणि वीस हजार रेणूंपर्यंत लागणारा हा माल एवढ्याशा जिवाणूला स्वस्त पडत नाही. साल्मोनेलात ही व्यवस्था अशी आहे: फ्लॅजेलिनची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला एफएलजीएम नावाचं दुसरं प्रथिन धरून बसलेलं असतं. दरम्यान आकड्याची लांबी मोजायला एक मोजपट्टीचं प्रथिन असतं. आकडा सुमारे ५५ नॅनोमीटर झाला की तेच निर्यात यंत्राला इशारा देतं, आणि यंत्र आकड्याचा माल पाठवणं थांबवून तंतूचा माल घ्यायला तयार होतं. या नव्या मालात पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्यांत एफएलजीएमही असतं. ते पेशीबाहेर गेलं की धरून ठेवलेलं प्रथिन सुटतं, जनुकं चालू होतात आणि फ्लॅजेलिनचं उत्पादन सुरू होतं. अडवणारा ज्या वाटेने बाहेर जातो, ती वाट तयार झाल्याची खबर त्याच्या जाण्यानेच मिळते. केली ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं. जिवाणूंबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात इतकी नेटकी योजना दुसरी आठवत नाही.

आता शुक्रपेशी. डेल्फ्टच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुकने १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवल्या. पुढची पावणेतीनशे वर्षं शेपटीच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं, कारण ती प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला फार बारीक पडते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीचा आडवा छेद दिसला. मध्ये दोन सूक्ष्मनलिका, भोवती वर्तुळात नऊ जोड्या. माणसाची शुक्रपेशी असो, शेवाळाची असो की आपल्या श्वासनलिकेतली सूक्ष्म, केसासारखी पक्ष्माभिका असो, हीच नऊ अधिक दोनची मांडणी पुन्हा पुन्हा दिसते. या गाभ्याची जाडी सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे जिवाणूच्या तंतूच्या दहापट, आणि त्यात शेकडो प्रकारची प्रथिनं. सगळ्यांभोवती पेशीचं पटल असतंच. जिवाणूची शेपूट पेशीबाहेर आहे, शुक्रपेशीची शेपूट हा पेशीचाच भाग आहे.

१९५९ मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न अफ्झेलियस यांना सी-अर्चिन या समुद्रातल्या काटेरी प्राण्याच्या शुक्रपेशींत प्रत्येक जोडीवर बारीक हात दिसले, शेजारच्या जोडीकडे वळलेले. इयन गिबन्स यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांतून हे हात वेगळे काढले. ते एटीपी तोडून ऊर्जा मोकळी करणारं प्रथिन निघालं. १९६५ मध्ये त्याला डायनिन हे नाव मिळालं.

डायनिन शेजारच्या नलिकेला धरतं, ओढतं, सोडतं आणि पुन्हा धरतं. त्यामुळे नलिका एकमेकींवरून सरकतात. पण सरकण्यातून वळवळ कशी येते? घरातली दोनशे पानी वही घ्या. शिवण एका हातात घट्ट धरा आणि वही वाकवा. मोकळ्या कडेची पानं एकमेकांवरून सरकून तिरपी झालेली दिसतील. आता हेच उलटं करून बघा: शिवण घट्ट आहे आणि पानं आपणहून एकमेकांवरून सरकू लागली, तर वहीला वाकावंच लागेल. शेपटीत नलिकांचं एक टोक बुंध्याशी घट्ट बसवलेलं असतं आणि जोड्यांना एकमेकींशी बांधणारे दुवेही असतात. म्हणून सरकण्याचं रूपांतर वाकण्यात होतं.

कीथ समर्स आणि गिबन्स यांनी १९७१ मध्ये हे फार सुंदर रीतीने सिद्ध केलं. त्यांनी सी-अर्चिनच्या शुक्रपेशींच्या शेपट्यांवरचं पटल काढून टाकलं आणि ट्रिप्सिन या पाचक विकराने आतले बांधणारे दुवे थोडेसे कुरतडले. मग एटीपी घातलं. दुवे शाबूत असते तर शेपटी वाकली असती. आता वाकण्याचं कारणच राहिलं नव्हतं, म्हणून नलिका नुसत्या सरकत गेल्या आणि शेपूट आपल्या मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाली. जोर सरकवण्याचा आहे आणि वाकणं दुव्यांमुळे येतं, हे त्या एका प्रयोगात दिसलं.

सगळी डायनिनं एकदम ओढू लागली तर शेपूट ताठ होईल. एका बाजूची काम करतात तेव्हा समोरच्या बाजूची थांबतात, मग पाळी बदलते, आणि ही अदलाबदल बुंध्याकडून टोकाकडे सरकत जाते. ही पाळी नेमकी कशी ठरते, यावर अजून जोरात काम चालू आहे. माणसाच्या शुक्रपेशीची शेपूट सुमारे ५० मायक्रोमीटर लांब असते आणि सेकंदाला दहा-वीस वेळा हलते. डोक्यामागच्या भागात तंतुकणिका गुंडाळलेल्या असतात. त्या एटीपी बनवतात, पण पुढच्या लांब भागातही ग्लुकोज तोडणारी विकरं शेपटीच्या आवरणालाच बसवलेली असतात, म्हणजे जिथे इंधन लागतं तिथेच ते बनतं. त्यांतलं एक विकर नसलेल्या उंदरांच्या शुक्रपेशी पुढे सरकतच नाहीत. स्त्रीबीजापाशी पोचल्यावर शेपटीतले कॅटस्पर नावाचे दरवाजे उघडून कॅल्शियम आत येतं आणि शेपूट जोरात, एका बाजूला जास्त वाकून फटके मारू लागते. बीजाभोवतीचं आवरण भेदायला तोच जोर लागतो. २०११ मध्ये कळलं की माणसात हे दरवाजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उघडतात.

लांबीबद्दल एक सांगायलाच हवं. ड्रोसोफिला बायफर्का नावाची फळमाशी काही मिलिमीटरची. तिच्या नराची शुक्रपेशी ५.८ सेंटिमीटर लांब, गुंडाळी करून ठेवलेली.

शुक्रपेशीच्या शेपटीसारख्या रचना कशा बांधल्या जातात, ते सर्वांत चांगलं समजलं क्लॅमिडोमोनास या साचलेल्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय हिरव्या शैवालातून. त्याला दोन शेपट्या असतात, सुमारे १० ते १२ मायक्रोमीटरच्या. या शेपट्यांतही नवी भर टोकालाच पडते, पण शेपटीच्या आत प्रथिनं बनवण्याची सोय नसते. मग माल टोकापर्यंत जातो कसा? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत पटलाखाली नलिकांच्या रुळावरून धावणारे प्रथिनांचे समूह दिसले: कायनेसिन त्यांना टोकाकडे नेतं, एक वेगळं डायनिन त्यांना परत आणतं, आणि ही ये-जा शेपूट पूर्ण झाल्यावरही थांबत नाही. त्याआधी, १९६९ मध्येच रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. दोनपैकी एक शेपूट तोडली, तर दुसरी धडधाकट शेपूट आखडू लागते. तुटलेली वाढत येते, दोघी सारख्या लांबीच्या होतात आणि मग जोडीने पूर्ण लांबीपर्यंत वाढतात. लांबी नेमकी कशी राखली जाते, याबद्दल आजही निरनिराळी मतं आहेत.

या नळ्या माणसात बिघडल्या तर काय होतं? १९३३ मध्ये झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी काही रुग्णांची नोंद केली, ज्यांना सतत सायनसचा त्रास, फुप्फुसांच्या नळ्या रुंदावलेल्या आणि हृदय उजव्या बाजूला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे चार दशकं कळत नव्हतं. अफ्झेलियस यांनी मूल होत नसलेल्या काही पुरुषांच्या न हलणाऱ्या शुक्रपेशी तपासल्या, आणि जे हात त्यांनी १९५९ मध्ये सी-अर्चिनमध्ये पाहिले होते, ते इथे दिसलेच नाहीत. यांच्यातल्या काहींना लहानपणापासून सर्दी-खोकला होता, काहींची हृदयं उजवीकडे होती. १९७६ मध्ये त्यांनी सगळं जुळवून दाखवलं. श्वासनलिकेतल्या पक्ष्माभिकांतही तेच डायनिन लागतं. ते नसेल तर कफ वर सरकत नाही, म्हणून सायनस आणि छातीचा त्रास.

हृदयाचं कोडं पुढे सुटलं. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या एका खळग्यातल्या पक्ष्माभिका फिरून द्रव डावीकडे ढकलतात आणि त्या प्रवाहावरून कुठली बाजू डावी ते ठरतं. टोकियोच्या हिरोकावांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये उंदरांत हा प्रवाह दाखवला, आणि २००२ मध्ये उंदराच्या गर्भांवर बाहेरून उलटा प्रवाह सोडल्यावर अवयवांची बाजूही उलटली. डायनिन नसेल तर प्रवाहच नसतो, मग डावी-उजवी नाणेफेकीवर जाते. म्हणूनच हा आजार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचे अवयव उलट्या बाजूला असतात. सतत सर्दी, कानाचा त्रास आणि ओला खोकला असलेल्या मुलाच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसलं, तर ‘याची प्रकृतीच नाजूक आहे’ म्हणून सोडून देऊ नये. फुप्फुसं वेळीच जपता येतात.

मूल होण्याचा मार्गही बंद होत नाही. न हलणारी शुक्रपेशी मेलेलीच असते असं नाही. कमी क्षाराच्या द्रवात ठेवल्यावर जिवंत पेशीची शेपूट फुगून वळते, मेलेली तशीच राहते. जिवंत पेशी निवडून थेट बीजात सोडता येते. इक्सी या पद्धतीने पहिली मुलं १९९२ मध्ये जन्मली. तिथे शेपटीची गरजच उरत नाही.

फुलझाडांनी तर शेपूट केव्हाच सोडली; त्यांच्या नर पेशींना परागनलिका बीजांडापर्यंत नेते. पण नेच्यांनी आणि शेवाळांनी सोडली नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत कातळावर नेचे उगवतात, तेव्हा त्यांच्या नखाएवढ्या पहिल्या पिढीतून शेपट्या असलेल्या शुक्रपेशी ओल्या पातळ थरातून पोहत मादी अवयवाकडे जातात. पाणी नसेल तर फलन नाही. १८९६ मध्ये साकुगोरो हिरासे यांनी टोकियोत गिंकोच्या झाडात पोहणाऱ्या शुक्रपेशी शोधल्या. त्या एकेकीला सुमारे हजार शेपट्या.

आणि एक जीव असा आहे जिथे सूक्ष्मजीव आणि शुक्रपेशी या दोन गोष्टी एकच होतात. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनमध्ये शार्ल लाव्हरां हा फ्रेंच लष्करी डॉक्टर मलेरियाच्या रुग्णाचं रक्त बघत होता. रक्तातल्या एका गोल पेशीतून अचानक लांब, जोरात वळवळणाऱ्या शेपट्या बाहेर आल्या. हा परजीवी जिवंत आहे याचा पुरावा त्याला मिळाला. पण त्या शेपट्या कशासाठी, हे कळलं नाही. १८९७ मध्ये विल्यम मॅकॅलम या वैद्यकीय विद्यार्थ्याने कावळ्याच्या रक्तातल्या एका नातलग परजीवीत असाच धागा सुटून दुसऱ्या पेशीत शिरताना पाहिला. त्या शेपट्या म्हणजे परजीवीच्या शुक्रपेशी होत्या.

मलेरियाचा परजीवी आपल्या रक्तात असताना हे कधीच करत नाही. डासाने रक्त प्यायल्यावर तापमान काही अंशांनी उतरतं आणि डासाच्या पोटातलं झँथ्युरेनिक आम्ल त्याला मिळतं. मग पंधरा मिनिटांच्या आत नर पेशी आपला डीएनए तीनदा दुप्पट करते, आठ शेपट्या बांधते आणि आठ शुक्रपेशी बाहेर टाकते. इथे रुळावरून माल नेणारी ती ये-जा नसते. नऊ अधिक दोनचा गाभा थेट पेशीद्रवातच जुळवला जातो, म्हणूनच एवढा वेग. लाव्हरांच्या काचपट्टीवरचं रक्त थंड झालं होतं, म्हणून त्याला ते दिसलं.

आजही प्रयोगशाळेत परजीवी असलेल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर थंड होऊ देतात आणि शेपट्या फुटणाऱ्या पेशी मोजतात. एखाद्या औषधाने हा आकडा शून्यावर आला, तर ते घेणाऱ्याचा ताप त्याने उतरत नाही; पण त्याला चावलेल्या डासाकडून पुढच्या माणसाला मलेरिया होत नाही.